महाश्वेतादेवींचे ऐतिहासिक कथन : प्रेरणा, साधने आणि एक मराठी प्रश्न

कादंबरीकारावरील प्रबंधाचे पहिले प्रकरण बहुधा 'जीवन व जडणघडण' या नावाचे असते. जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय, घरातले वाङ्मयीन वातावरण, शिक्षण, विवाह, मिळालेले सन्मान असा त्यात क्रम लावलेला असतो, आणि दुसऱ्या प्रकरणापासून या तपशिलाचा कादंबऱ्यांशी काही संबंध उरत नाही. ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत ही रीत अधिकच निरुपयोगी ठरते, कारण तेथे 'प्रेरणा' या शब्दाला एक ठरलेले उत्तर तयार असते. लेखकाला लहानपणापासून अमुक पुरुषाविषयी किंवा अमुक स्त्रीविषयी भक्ती वाटत होती, तिचे पर्यवसान कादंबरीत झाले, हे ते उत्तर. लेखकांच्या मनोगतांनीच ते रूढ केले आहे. भक्तीतून विषय ठरत असेल, परंतु विषयाकडे जाण्याची वाट तिच्यातून ठरत नाही. आणि ऐतिहासिक कथनाचे मर्म या वाटेतच असते. कोणती साधने हाती घेतली, कोणती बाजूला ठेवली, कोणाला विचारले, कोणाला विचारायचे सुचलेच नाही, या प्रश्नांची उत्तरे लेखकाच्या पूर्वायुष्यात सापडत असतील तरच त्या पूर्वायुष्याला समीक्षेत स्थान आहे.

या दृष्टीने महाश्वेतादेवी (१९२६–२०१६) यांचे उदाहरण मराठी अभ्यासकाने तपासण्यासारखे आहे. १९९६ चा ज्ञानपीठ पुरस्कार आणि १९९७ चा मॅगसेसे पुरस्कार यांमुळे त्यांचे नाव सर्वांना माहीत झाले. त्याआधीच १९८१ मध्ये गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 'द्रौपदी' या कथेचा इंग्रजी अनुवाद केला होता आणि 'निम्नजन' या संकल्पनेभोवतीच्या चर्चेत ही कथा प्रमाणसंहितेसारखी वापरली जाऊ लागली होती. विद्यापीठीय वर्गात महाश्वेतादेवी पोचल्या त्या या मार्गाने. त्यामुळे त्यांचे लेखन १९७४ च्या 'हजार चुराशीर मा'पासून सुरू होते, अशी एक समजूत नकळत रुजली. त्यापूर्वीची अठरा वर्षे आणि त्या वर्षांतले ऐतिहासिक लेखन झाकले गेले. विशेष असे की, त्यांचे पहिले पुस्तक, १९५६ चे 'झाँसीर रानी', ज्या स्त्रीवर आहे ती तांबे कुळात जन्मलेली, नेवाळकरांच्या घरात आलेली आणि मराठी बोलणारी होती. आणि त्या स्त्रीविषयीचा अत्यंत जिवंत पुरावाही मराठीतच लिहिला गेलेला आहे.

महाश्वेतादेवींचा जन्म ढाक्याचा. वडील मनीष घटक हे 'युवनाश्व' या नावाने लिहिणारे, 'कल्लोल' गटातले कवी-कथाकार. चुलते ऋत्विक घटक. मामा सचिन चौधरी, म्हणजे १९४९ मध्ये मुंबईत 'इकॉनॉमिक वीकली' सुरू करणारे संपादक. दुसरे मामा शिल्पकार शंखो चौधरी. अशा यादीने प्रबंधाचे पहिले प्रकरण सहज भरते. शांतिनिकेतनातले शालेय दिवसही त्यात शोभून दिसतात. पण 'झाँसीर रानी'च्या दृष्टीने या यादीतली बहुतेक नावे गौण आहेत. इतिहास हा विषय त्यांनी विद्यापीठात घेतलेला नव्हता. पदवी इंग्रजी वाङ्मयाची होती. घरातले वातावरण आधुनिकतावादी साहित्याचे होते, बखरी-दफ्तरांचे मुळीच नव्हते. हा अभाव ध्यानात ठेवला पाहिजे. संशोधनाची रुळलेली शिस्त अंगी नसलेली तरुण स्त्री एका राणीविषयी लिहू पाहते तेव्हा तिच्यापुढे दोन मार्ग असतात : उपलब्ध चरित्रांवरून कादंबरी रचणे, किंवा ज्यांना अजून काही आठवते त्यांच्याकडे जाणे. दुसरा मार्ग तिला सुचला तरी कसा, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर १९४३ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या दशकात शोधावे लागते. त्या दुष्काळात व त्यामागोमागच्या रोगराईत बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली, असा अंदाज केला जातो. महाविद्यालयीन वयात महाश्वेतादेवींनी मदतकार्यात भाग घेतला. १९४७ मध्ये त्यांचा विवाह विजन भट्टाचार्य यांच्याशी झाला. १९४४ चे 'नबान्न' हे दुष्काळावरचे नाटक विजनबाबूंचे, आणि ते इप्टाने रंगभूमीवर आणले होते. इप्टाच्या मंडळींची एक सवय येथे महत्त्वाची ठरते. नाटक, गाणे, बोली यांची सामग्री खेड्यातून गोळा करून आणायची, ती शहरी रंगमंचावर मांडायची, आणि लोकगीताकडे करमणुकीपेक्षा साक्ष म्हणून पाहायचे. या सवयीमागे एक राजकीय भूमिका होती. महाश्वेतादेवींनी इतिहासाकडे वळताना नेमकी हीच सवय बरोबर नेली. इतिहासकाराची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. मदतकेंद्रावर रांगेतल्या माणसाची हकिकत ऐकून घेण्याची पद्धत ठाऊक होती.

त्यात विवंचना होती. राजकीय संशयावरून टपाल-तार हिशेबखात्यातली नोकरी गेलेली, पती पूर्णवेळ कलावंत, मुलगा लहान. विजनबाबू चित्रपटाच्या कामासाठी मुंबईत आले (१९५४ च्या 'नागिन'ची कथा त्यांची) आणि त्या मुक्कामात मामांच्या घरी महाश्वेतादेवींनी १८५७ विषयीची पुस्तके वाचली. त्यांत सावरकरांचे पुस्तक होते. पहिली ठिणगी येथे पडली असे मानले जाते आणि तसे मानायला हरकत नाही. तरीही ठिणगीला प्रेरणा म्हणण्याची घाई करू नये. सावरकरांचे पुस्तक वाचून पेटून उठलेले वाचक हजारोंनी झाले. कलकत्त्याला परतल्यावर लिहून झालेला मोठा मजकूर फाडून टाकून, नातलग-स्नेह्यांकडून पैसे जमवून, मुलाला घरी ठेवून एकटीने बुंदेलखंडात जाणारी लेखिका मात्र एकच झाली. फाडलेल्या त्या पानांत काय होते हे सांगता येत नाही, पण ती का फाडली गेली याचा तर्क छापील पुस्तकावरून करता येतो. आधीच्या मसुद्यात केवळ पुस्तकांतली राणी असणार. ती पुरेशी वाटली नाही, ही असमाधानाची जाणीव हीच महाश्वेतादेवींच्या ऐतिहासिक लेखनाची खरी निर्मितिप्रेरणा होय.

बुंदेलखंडात त्यांना काय मिळाले? गाणी, दंतकथा, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी. मातीतून फौज उभी करणारी राणी त्या गाण्यांत आहे; राणी मेलीच नाही, अजून कुठेतरी आहे, असा विश्वासही त्या मुलखात त्यांना आढळला. राणीच्या सावत्र भावाचे चिरंजीव गोविंद चिंतामणी तांबे यांच्याकडून घराण्याची माहिती मिळाली. शेजारी इंग्रजी सेनाधिकाऱ्यांचे अहवाल व आठवणी होत्या, दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे १८९४ चे मराठी चरित्र होते. 'झाँसीर रानी' हे पुस्तक या सर्व जिनसा एकमेकींशेजारी मांडते. लढाईची हकिकत सांगताना निवेदन मध्येच थांबते, स्थानिक लोक काय म्हणतात ते नोंदवते, सरकारी कागद काय म्हणतो ते सांगते आणि पुढे जाते. संवाद आहेत, प्रसंगचित्रे आहेत, तशी पत्रे आणि तहाची कलमेही आहेत. त्यामुळे ही कादंबरी की चरित्र, हा वाद पहिल्यापासून आहे. महाश्वेतादेवींच्या ग्रंथसूचीत हे पुस्तक कधी या तर कधी त्या सदरात पडते.

हा वाद सोडवण्याची गरज नाही. पण मराठीत तो कसा झाला असता याची कल्पना करणे उद्बोधक आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीची परंपरा रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून (१८७१) चालत आली आहे. हरिभाऊ आपटे, नाथमाधव यांच्यानंतर तिला खरे लोकमान्य वैभव लाभले ते रणजित देसाई यांच्या 'स्वामी'ने (१९६२). या परंपरेत संशोधन आणि कल्पित यांची विभागणी ठरलेली आहे. संशोधन प्रस्तावनेत किंवा परिशिष्टात असते, कादंबरीत त्याचा सांधा दिसू द्यायचा नसतो. 'श्रीमान योगी'ला (१९६८) नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली दीर्घ प्रस्तावना हे याचे बोलके उदाहरण. मराठवाड्यातल्या या विचक्षण समीक्षकाने शिवकालाविषयी तेथे जे प्रश्न उपस्थित केले आहेत, ते कादंबरीतल्या निवेदकाला पडत नाहीत. प्रस्तावना शंका घेते आणि कादंबरीचा निवेदक निःशंक असतो. वाचकाने एका बांधणीत दोन पुस्तके वाचावीत अशी ही व्यवस्था आहे. महाश्वेतादेवींच्या पहिल्या पुस्तकात शंका घेणारा आणि कथा सांगणारा एकच आवाज आहे. त्याने कथेची ओघवती गती मोडते, काही पाने रूक्ष होतात, हे मान्य करावे लागेल. पण राणीच्या बाजूने पुरावा देण्याचा हक्क कोणाकोणाला आहे, हा प्रश्न कथेच्या आतच उभा राहतो. हे श्रेय लहान नाही.

येथे मराठी साधनाविषयी थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. २१ मार्च १८५८ च्या सुमारास ह्यू रोजचे सैन्य झाशीसमोर आले. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांची कुमक हटली. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. त्यानंतरच्या दिवसांतले 'बिजन', घरे धुंडाळणारे शिपाई, लपून बसलेली माणसे, लुटलेली पुंजी, पाण्यावाचूनचे हाल हे गोडसे भटजींनी स्वतः भोगलेले आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणीची अवचित गाठ पडते आणि ती ओंजळीने पाणी पिते. या प्रसंगाइतके साधे आणि हृदयद्रावक चित्र कोणत्याही कादंबरीकाराला कल्पनेने काढता आलेले नाही. गोडसे हे वीरगाथा रचायला बसलेले नव्हते. यज्ञ, दक्षिणा, कर्ज, घरी न्यायची गंगेची कावड ही त्यांची चिंता. राणी त्या चिंतेच्या वाटेत आडवी आली. म्हणूनच त्यांची साक्ष भक्तीने लिहिलेल्या चरित्रांपेक्षा अधिक विश्वासाची वाटते.

परंतु त्या साक्षीलाही इतिहास आहे. गोडसे भटजींनी १८८३ च्या सुमारास लिहिलेला हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापला तो आपल्या संस्कारांसह. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला तो १९६६ मध्ये. म्हणजे १९५६ मध्ये लिहिणाऱ्या कोणाही लेखकापुढे असलेले गोडसे हे वैद्यांनी शहाणेसुरते केलेले गोडसे होते. 'झाँसीर रानी' वाचताना हे भान ठेवायला हवे. मौखिक परंपरा ताजी आणि कागद संस्कारित, अशी सोयीस्कर वाटणी महाश्वेतादेवींचे प्रशंसक करतात. कागदाच्या आतही कंठ असतो. तो कोणीतरी दाबलेला असतो, कोणीतरी पुन्हा मोकळा करतो. गोडसे प्रत्यक्षदर्शी, पण त्यांच्या आणि वाचकाच्या मध्ये एक संपादक उभा होता. तसेच लोकगीत गाणाऱ्या माणसाच्या आणि १८५८ च्या मध्ये शंभर वर्षांचे गायक उभे असतात. महाश्वेतादेवी पहिल्या प्रकारच्या मध्यस्थाविषयी जितक्या सावध आहेत, तितक्या दुसऱ्याविषयी नाहीत. त्यांच्या पुस्तकातला हा खरा दुबळेपणा आहे.

त्याचा परिणाम दिसतो तो 'लोक' या शब्दाच्या वापरात. बुंदेलखंडाची आठवण त्यांच्या पुस्तकात एकसंध येते. जणू सारा मुलूख एका सुरात राणीचे गाणे गातो. वास्तवात स्मृतीलाही जाती असतात. कोरी समाजातल्या झलकारीबाईची कथा पाहा. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीत ती राणीच्या छायेतली निष्ठावान स्त्री आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर प्रदेशातील दलित चळवळीने तिला छायेतून बाहेर काढून स्वतंत्र वीरांगना म्हणून उभे केले. २००१ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले. एकाच किल्ल्यातल्या, एकाच दिवसांतल्या दोन स्त्रिया; एकीची आठवण राष्ट्राची, दुसरीची एका समाजाच्या हक्काची. वर्मा स्वतः झाशी परिसरातले, त्यांच्या पणजोबांनी राणीच्या बाजूने लढून प्राण दिले होते, आणि घरातल्या वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेल्या गोष्टींवर त्यांची कादंबरी उभी आहे. तेव्हा केवळ 'लोकांकडून ऐकले' एवढ्याने कथन लोकांच्या बाजूचे होत नाही. कोणत्या घरात, कोणत्या अंगणात बसून ऐकले, हेही विचारावे लागते. १९५६ मध्ये महाश्वेतादेवींनी ते पुरेसे विचारलेले दिसत नाही.

मात्र त्या तेथेच थांबल्या नाहीत, आणि येथून पुढचा भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्याच वर्षी, १९५७ मध्ये, 'नटी' आली. तिची नायिका राणी नाही. मोती नावाची नर्तकी आणि खुदाबक्ष यांची ती कथा आहे. झाशीच्या किल्ल्यात तोफची गुलाम घौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी आहेत. मोठ्या पुस्तकात यांच्या वाट्याला मोजक्या ओळी येणे अपरिहार्य होते. त्या ओळींनी लेखिकेचा पिच्छा सोडला नाही असे दिसते. जॉर्ज लुकाच यांनी स्कॉटच्या निमित्ताने सांगितलेले ऐतिहासिक कादंबरीचे सूत्र या ठिकाणी आठवते : थोर व्यक्ती कथेच्या कडेला असावी आणि मधल्या जागी सामान्य माणूस असावा, म्हणजे काळ दिसतो. महाश्वेतादेवी या सूत्राकडे सिद्धान्त वाचून आल्या असतील असे वाटत नाही. संशोधनात जमलेली आणि पहिल्या पुस्तकात न मावलेली माणसे त्यांना तेथे घेऊन आली. मराठीत 'स्वामी', 'छावा' (१९७९) ही शीर्षकेच कादंबरीचे केंद्र सांगून टाकतात. ज्या माणसांची नावे शीर्षकात येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी शिल्लक राहिलेल्या टिपणांतून दुसरी कादंबरी लिहिण्याची सवय आपल्याकडे फारशी रुजली नाही.

'नटी'नंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येते. १९६४ चे 'अमृत संचय' १८५७ च्या आसपासच फिरते. 'कवि बंद्यघटी गाञिर जीवन ओ मृत्यु' ही १९६७ ची कादंबरी मध्ययुगीन बंगालमधल्या एका चुआड तरुणाची. तो जात लपवून कवी होतो आणि जात उघडकीस आल्यावर हत्तीच्या पायाखाली जातो. 'अरण्येर अधिकार' (१९७७) बिरसा मुंडाची. तिला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कुमार सुरेश सिंह यांच्या बिरसाविषयक संशोधनाचा आधार तिला आहे, म्हणजे कागदाचा तिरस्कार लेखिकेने कधीच केला नाही. राणीकडून नर्तकीकडे, नर्तकीकडून चुआड कवीकडे आणि तेथून बिरसाकडे अशी सरळ चढती रेघ काढण्याचा मोह समीक्षकांना होतो. ती रेघ खोटी नाही, पण अतिशय नीटस आहे. तिच्यात एक कादंबरी बसत नाही, आणि मराठी वाचकाला तीच सर्वांत अधिक बोचणारी आहे.

ती म्हणजे १९६६ ची 'आँधारमानिक'. विषय आहे अठराव्या शतकाच्या मध्यावर बंगालवर झालेल्या बर्गींच्या स्वाऱ्या. बर्गी म्हणजे आपले बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला घोडा सरकारातून किंवा शिलेदाराकडून मिळतो तो बारगीर. मराठी लष्करी व्यवस्थेतला हा निरुपद्रवी पारिभाषिक शब्द बंगालीत जाऊन लुटारूचा पर्याय झाला, आणि मुलांना निजवताना म्हटल्या जाणाऱ्या पाळण्यात जाऊन बसला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकरांनी १७४२ मध्ये बंगालमध्ये मुसंडी मारली. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून दग्याने मारले. १७५१ च्या तहाने ओरिसाचा प्रश्न मिटला आणि चौथाईची रक्कम ठरली. मराठी इतिहासग्रंथांत हे प्रकरण भास्कररामाच्या खुनाचे आणि पुढच्या सुडाचे म्हणून येते. तेच बंगालीत गंगारामाच्या 'महाराष्ट्रपुराणा'त ओस पडलेल्या गावांचे, पळणाऱ्या माणसांचे आणि विटंबना झालेल्या स्त्रियांचे म्हणून येते. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी त्या काव्याची इंग्रजी आवृत्ती १९६५ मध्ये काढली, त्याच्या पुढच्याच वर्षी 'आँधारमानिक' प्रसिद्ध झाली.

दहा वर्षांच्या अंतराने एकच लेखिका एका मराठी स्त्रीच्या मागे बुंदेलखंडात हिंडते आणि मराठी घोडेस्वारांच्या टापांखाली आलेला बंगाल लिहिते. ही विसंगती नव्हे. दोन्हीकडे तिने स्वीकारलेली जागा एकच आहे, आणि ती म्हणजे फौज ज्यांच्या दारात येते त्यांची. १८५८ च्या झाशीत ती फौज इंग्रजांची होती, म्हणून राणी तिला आपली वाटली. १७४२ च्या वर्धमानात ती फौज मराठ्यांची होती. राणीविषयीच्या आदराला 'प्रेरणा' मानले की पहिल्या पुस्तकाचा उलगडा होतो आणि 'आँधारमानिक' अनाकलनीय राहते. दुष्काळातल्या मदतकेंद्रापासून प्रेरणेचा शोध घेतला तर दोन्ही पुस्तके एका हाताची ठरतात. भाताचे कोठार कोणी रिकामे केले, हा प्रश्न विचारणाऱ्याला कोठार फोडणाऱ्याची भाषा आपली की परकी याने फरक पडत नाही. मराठी अभ्यासकाने 'झाँसीर रानी'चा अभिमान बाळगायचा आणि 'आँधारमानिक'कडे पाठ फिरवायची, हे वाङ्मयीन न्यायाला धरून होणार नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत अटकेपार गेलेले घोडे पुष्कळ आहेत. त्या घोड्यांना चारा कोणाच्या शेतातून मिळाला, हे त्या कादंबऱ्यांना क्वचितच आठवते.

महाश्वेतादेवींची पद्धत मराठवाड्यात आणून पाहिली तर काय होते? उदाहरण हाताशी आहे. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उसळला. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेतील, अशी शंका स्वारांना होती. हे सैन्य नावाचे निजामाचे, अधिकारी इंग्रज. १८५३ च्या तहाने त्याच्या खर्चापोटी वऱ्हाड तोडून घेतलेले. रिसाला शिलेदारी पद्धतीचा, म्हणजे शिलेदार-बारगीर हे नाते येथेही होतेच. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली, चौकश्या झाल्या, कोणाला फाशी, कोणाला गोळ्या, कोणाला तोफेच्या तोंडी देण्यात आले. दफेदार मीर फिदाअलीने कॅप्टन अॅबटवर गोळी झाडली होती. त्यालाही फासावर चढवले गेले. शहरातला क्रांती चौक आणि तेथला काळा चबुतरा या स्मृतीशी जोडलेला आहे.

इथपर्यंतची कथा राष्ट्रीय कादंबरीला सोयीची आहे. अडचण पुढे सुरू होते. वुडबर्नबरोबर औरंगाबादेस आलेली चौदावी लाइट ड्रॅगून्स ही घोडदळ पलटण पुढच्या वर्षी ह्यू रोजच्या सैन्यात झाशीसमोर उभी होती. आणि हैदराबाद कंटिंजंटचे स्वारही तेथे होते. राणी झाशीतून निसटली तेव्हा भांडेरपर्यंत तिच्या पाठलागावर गेलेला लेफ्टनंट डाउकर हा याच कंटिंजंटचा अधिकारी, आणि त्याच्यामागचे स्वार दख्खनचे. ज्या कंटिंजंटमधली माणसे औरंगाबादेत तोफेच्या तोंडी गेली, त्याच कंटिंजंटमधली माणसे दहा महिन्यांनी राणीच्या घोड्यामागे धावत होती. त्यांत एखादा मीर फिदाअलीला ओळखणारा नसेलच असे कसे म्हणावे? पगार, शपथ, भीती, घोड्यात अडकलेली शिलेदाराची पुंजी यांतले काय त्याला भांडेरपर्यंत घेऊन गेले?

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या ठळक परंपरेत या स्वाराला जागा मिळालेली नाही. तो हुतात्मा नाही, फितूर म्हणावे तर तसाही नाही. त्याच्यावर बुंदेलखंडात गाणे नाही, कारण तेथे तो शत्रू. औरंगाबादेत चबुतरा नाही, कारण तो मेला नाही. कंटिंजंटच्या कागदांत तो बहुधा एखाद्या आकड्यात असेल. महाश्वेतादेवींच्या पद्धतीची येथे खरी कसोटी लागते. लोकस्मृती जेथे बोलते तेथे ती पद्धत समर्थ आहे. जेथे कागदही मुका आणि गाणेही मुके, तेथे कादंबरीकाराला दुसरे साधन शोधावे लागेल. जुन्या छावणीच्या परिसरातली कबरस्ताने, शिलेदार घराण्यांकडे उरलेल्या सनदा, उर्दूतल्या कौटुंबिक वह्या, वऱ्हाडाच्या महसुलाची दफ्तरे यांपासून सुरुवात करता येण्यासारखी आहे. त्यासाठी मराठीइतकीच उर्दू आणि मोडी वाचणारा लेखक हवा.